टर्न-बेस्ड लढायांचा नंतर कंटाळा येतो का?

‘पर्सोना ५’ हा व्हिडिओ गेम घ्यायचाय, पण शंभर तास टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने मारामारी करून जीव विटणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. नाही विटणार. कंटाळा येतो तो डोकं बाजूला ठेवून जिंकता येणाऱ्या लढाईचा, आणि तशी लढाई रिअल-टाइममध्येही, म्हणजे पाळी नसलेल्या सलग लढाईतही, तितकीच रटाळ असते. एकच बटण तासभर बडवत बसायचं.

हा प्रश्न मला लागतो, कारण माझा मामेभाऊ दादा कित्येक वर्षं हेच ऐकवतोय. ‘आपण मारायचं, मग हात बांधून उभं राहायचं आणि समोरच्याला म्हणायचं, आता तू मार. याला लढाई म्हणतात?’ हाच दादा दिवाळीत नाशिकला जमलो की रात्री दोनपर्यंत मेंढीकोट खेळतो. दहिला आत्ता टाकायचा की राखायचा, यावर दोन-दोन मिनिटं सगळ्यांना ताटकळत ठेवतो. तिथे पाळीची वाट बघायला त्याची हरकत नसते.

२०१६ मध्ये ‘फायनल फँटसी टेन’ पीसीवर आला तेव्हा मी घेतला. मूळ गेम २००१ चा, प्लेस्टेशन २ वरचा. पुढच्या पाळ्या कुणाकुणाच्या, ही यादी त्यात पडद्यावर कायम दिसते आणि तुम्ही कुठली चाल निवडता त्यावर ती बदलते. लढाई चालू असताना माणूसही बदलता येतो. त्या दिवाळीत लॅपटॉप नाशिकला नेला होता आणि त्यातल्या झानार्कंड या जागी युनालेस्का नावाच्या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, अडकलो होतो.

तिची तीन रूपं. दुसऱ्या रूपात ती आपल्या सगळ्यांना झोंबी करते. झोंबीवर औषध उलटं चालतं, बरं करायला जावं तर इजा होते. म्हणून कुणीही आधी झोंबीपणा घालवणारं होली वॉटर काढून सगळ्यांना नीट करतो. मीही केलं. तिसऱ्या रूपात तिने मेगा डेथ टाकली. त्यात झोंबी नसलेला प्रत्येक जण जागच्या जागी मरतो. दादा मागे उभा होता. ‘बघ, नुसता बसलायस.’ परत तेच. दर वेळी आधीचा लांबलचक सीन पुन्हा बघायचा, तो पुढे ढकलता येत नाही.

चौथ्यांदा मी थांबलो. मेन्यू उघडा, कुणी हलत नाही, ती माझी वाट बघतेय. तेव्हा सुचलं, दोघांना झोंबीच राहू द्यायचं. मेगा डेथ आली, ते दोघे उभे राहिले, तिसऱ्याला फिनिक्स डाउन या मेलेल्याला उठवणाऱ्या वस्तूने उठवलं. पहाटे तीनला ती पडली. सकाळी दादाला सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे औषध दिलं नाहीस म्हणून जिंकलास?’ होय, दादा, तेच तर सांगतोय! रिअल-टाइम असतं तर बोटांनी सवयीने पाचव्यांदाही औषधच दिलं असतं.

‘पर्सोना ५’ मध्येही विचाराला जागा आहे. शत्रूच्या कमजोरीवर घाव बसला की तो आडवा होतो आणि तुम्हाला जादा पाळी मिळते. हाच नियम तुमच्यावरही उलटतो. घ्या बिनधास्त.

आता एक मान्य करतो. पावलापावलाला अचानक उगवणारे किरकोळ शत्रू खरंच वैताग आणतात. ‘पोकेमॉन फायररेड’मधल्या गुहांमधली झुबॅट ही वटवाघळं आम्ही सगळ्यांनी इम्युलेटरचा, म्हणजे तो गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वेग वाढवूनच पार केली. ‘फायनल फँटसी सेव्हन’मधली नाइट्स ऑफ द राउंड ही लांबलचक जादू दहाव्यांदा बघताना मीही उठून पाणी पिऊन येतो. पण यावर उपाय जुनेच आहेत. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये बरेच शत्रू आधीच समोर दिसतात, ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’मध्ये ते किती वेळा यावेत हे आपण ठरवतो, आणि टेनच्या पीसी आवृत्तीत तर ते बंदच करता येतात. पातळी वाढवायला तासन्‌तास त्याच शत्रूंना मारत बसायची तुमची सवय असेल, तर मात्र असा कुठलाही आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) तुम्हाला छळणार.

आणि घरात कुणी मागे उभं राहून ‘नुसता बसलायस’ म्हणालं, तर कंट्रोलर त्याच्या हातात द्या, तोही बॉसच्या लढाईत. युनालेस्काच्या आधीचं सेव्ह मी जपून ठेवलंय. या दिवाळीत दादाला बसवणार आहे, आणि हिंट एकही देणार नाही.