आयटीआयनंतर आणखी एक वर्ष शिकाऊच का राहायचे?

आयटीआयचे निकाल लागले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. दोन वर्षे शिकून झाल्यावर पुन्हा वर्षभर अप्रेंटिस म्हणून राबायचे, तेही तुटपुंज्या विद्यावेतनावर, आणि शेवटी कायम करतीलच याची खात्री नाही; मग त्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. ज्या घराचे वर्ष कोरडवाहू कापसावर चालते, त्या घराला एका तरुण मुलाची वर्षभराची कमाई ही लहान गोष्ट नसते. म्हणून एका मुलाची हकिकत सांगते. त्याची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

पारोळा तालुक्यातील हा मुलगा फिटर ट्रेडमध्ये चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाइपच्या एका कारखान्याने त्याला शिकाऊ उमेदवार म्हणून बोलावले होते. वडील बसल्या बसल्याच म्हणाले, “ताई, मना पोऱ्यानं काय व्हई? शेजारचा मुलगा चाकणला गेला, तो पहिल्या महिन्यापासून पैसे पाठवतो. आमचा अजून शिकतोच आहे.”

“आप्पा, तो मुलगा तिथे कोणते काम करतो?”

“पॅकिंगला आहे म्हणे.”

“आणखी पाच वर्षांनी त्याच्या हातात कोणते काम असेल, असे तुम्हाला वाटते?”

ते गप्प राहिले. पॅकिंगचे काम कष्टाचे आणि प्रामाणिक आहे, त्याला मी कमी लेखत नाही. परंतु आज मिळणारी रक्कम आणि उद्या अंगी असणारे कसब यांचा हिशेब एकाच वहीत मांडला की गफलत होते, एवढेच मला त्यांना दाखवायचे होते.

मुलाशी स्वतंत्रपणे बोलले तेव्हा लक्षात आले की त्याची खरी चिंता पैशांची नव्हती. “घरी पाहुणे आले की काय सांगू? मी विद्यार्थी नाही आणि कामगारही नाही,” असे तो म्हणाला. कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे निम्मे बरोबर होते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 नुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. मात्र हाच कायदा त्याच्यासाठी लेखी करार, विद्यावेतन आणि प्रशिक्षणाच्या काळात इजा झाल्यास भरपाई यांची तरतूद करतो. 2019 च्या सुधारित नियमांत आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी महिना किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरले होते. मी त्याला नुसता धीर दिला नाही; कराराचा कागद समोर ठेवून त्यातील प्रत्येक कलमाचा अर्थ समजावला. तो रुजू झाला.

दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा आला, तो सोडून देण्याच्या तयारीनेच. नट-बोल्ट आवळायचे पाने आणून देणे, मशीन पुसणे, मिस्त्रींच्या मागे उभे राहणे, यात शिकण्यासारखे काय आहे, असे त्याचे म्हणणे होते. मी एकच प्रश्न विचारला, “रुजू झालास त्या दिवशी जमले नसते, असे कोणते काम या आठवड्यात तुझ्या हातून झाले?”

“काहीच नाही,” तो पटकन म्हणाला. मी थांबले. अशा वेळी समुपदेशकाने घाईने पुढचा प्रश्न विचारू नये, असे माझे ठाम मत आहे. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “पाणी फिरवणाऱ्या पंपाचा आवाज मला वेगळा वाटला. मी मिस्त्रींना सांगितले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावायला सांगितली आणि मला विचारले, तुला काय वाटते?”

“मग?”

“बेअरिंग जात आहे, असे मी म्हणालो. उघडले तर खरेच गेलेली होती. मग ती मीच बदलली. मोटर आणि पंप जोडणारे कपलिंग सरळ रेषेत आहे का हे फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, दोनदा तपासले, कारण ते जरा जरी तिरके बसले तरी नवी बेअरिंगही टिकत नाही.”

हे सांगताना तो खुर्चीत पुढे सरकला होता आणि त्याचे हात हवेत पंप उघडत होते. “तुला काय वाटते, असे याआधी कोणी जाणत्या माणसाने तुला विचारले होते?” या माझ्या प्रश्नावर त्याने नकारार्थी मान हलवली, आणि उमेदवारी सोडण्याचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

या कामात इतकी वर्षे घालवल्यावर मला याची खात्री पटली आहे की आत्मविश्वास उपदेशाने येत नाही. अवघड वाटणारे काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव हा स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सर्वांत बळकट आधार असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये मांडले आणि मला ते रोज दिसते. वर्गात चूक झाली तर गुण जातात. कारखान्यात चूक झाली तर पंप बंद पडतो. त्या जबाबदारीतला छोटासा वाटा जाणत्या माणसाने शेजारी उभे राहून सोपवला, की मुलगा मोठा होतो. म्हणून पालकांना मी आग्रहाने सांगते की “कायम करतील का?” हा प्रश्न दर आठवड्याला विचारू नका. “या आठवड्यात एकट्याने काय केलेस?” असे विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका.

कारखानदारांचीही एक तक्रार असते: आम्ही शिकवायचे आणि मुले निघून जायची. काही जातात, हे खरे आहे. परंतु अनोळखी माणूस नेमून तो कामाचा आहे की नाही हे नंतर कळण्यापेक्षा वर्षभर जवळून पाहिलेला मुलगा नेमणे केव्हाही शहाणपणाचे असते. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, म्हणजे महिना 1500 रुपयांपर्यंतचा भार केंद्र सरकारने उचलला आहे. 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना तर असे उमेदवार घेणे बंधनकारकच आहे. माझ्या मते याहून मोठा लाभ निराळा आहे. आवाजावरून बेअरिंग ओळखणारा मिस्त्री निवृत्त होतो, तेव्हा त्याचे ज्ञान कोणत्याही कागदावर उरत नाही. ते उरते फक्त त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलात. खानदेशातून पुण्याकडे आणि सुरतेकडे जाणाऱ्या तरुणांची आपण नेहमी खंत करतो, पण जाणारा मुलगा कसब घेऊन गेला तर तो मान आणि मोबदला मागू शकतो, आणि जिल्ह्यातच राहिला तर इथल्या उद्योगांना बाहेरून माणसे आणावी लागत नाहीत.

सगळीच ठिकाणे चांगली नसतात, हेही सांगितले पाहिजे. काही जण उमेदवाराला केवळ स्वस्त मजूर समजतात. म्हणून करार नोंदला गेला आहे का, शिकवणारा माणूस कोण, विद्यावेतन बँक खात्यात येते का आणि शेवटी परीक्षेला बसवणार का, हे आधीच विचारावे. केलेल्या कामाची वही रोज लिहावी. आपल्या ट्रेडचे काम महिनोन्‌महिने मिळत नसेल तर आयटीआयमधील शिकाऊ उमेदवारी विभागाकडे लेखी तक्रार करावी. रेल्वेकडे ओढा असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-1, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. तरीही परीक्षा द्यावीच लागते आणि नोकरीची हमी नसते.

त्या कारखान्याने या मुलाला कायम केले नाही, कारण तेव्हा जागा नव्हती. प्रमाणपत्र आणि कामाची वही घेऊन तो धुळ्याच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला, तेव्हा त्याला बंद पडलेला एक पंप दाखवण्यात आला. आता तो तिथे देखभाल विभागात आहे. वडील नंतर एकदा येऊन गेले, ते धाकट्या मुलीसाठी इलेक्ट्रिशियन ट्रेडची चौकशी करायला. तिला शिकाऊ म्हणून कोणकोणते कारखाने घेतात, हे त्यांनी स्वतःच आधी विचारून ठेवले होते.