आधी कडबा, मग भेंडी

शेतावरचा पहिलाच उन्हाळा ना तुझा? मग आधी कडब्याकडे, म्हणजे गुरांसाठी वाळवलेल्या ज्वारीच्या ताटांकडे बघ, भाजी नंतर. ज्वारी काढली की पेंढ्या लगेच रचू नकोस. ताट मोडून बघ. कडकन मोडलं तर वाळलं, वाकलं तर अजून ऊन दे. ओली पेंढी आत गेली की बुरशी धरते आणि ते कळतं थेट आषाढात, जनावर तोंड फिरवतं तेव्हा. मी अख्खी गंज अशीच उकिरड्यावर टाकलीय. खाली दगड मांडून त्यावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या अंथर, नाहीतर वाळवी लागते. शेंडे आत, बुडखे बाहेर, माथा उतरता. विजेच्या तारेखाली चुकूनही रचू नकोस. मृग निघतो 7 जूनच्या आसपास, पण अवकाळी एप्रिलातही गाठतो. ताडपत्री आधीच आणून ठेव.

कापलेल्या ज्वारीच्या धसकटाला, म्हणजे रानात उरलेल्या बुडख्यांना, कोवळे फुटवे आले तर त्यावर गाय सोडू नकोस, विषबाधा होते.

भाजीचं म्हणशील तर गवार, भेंडी, दोडक्याचे चार वेल, बास. 42 अंशांत पालकाचा हट्ट कशाला? पाणी सांजच्याला, बुडाशी भुसकट. बोअरनं दम सोडला तर वेल वाळू दे, गाईचा हौद नको.