लाल लघवी, ‘उष्णता’ आणि बंद पडलेल्या गोळ्या

प्रश्न : सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी आहे. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला. लघवी लाल होते म्हणून ‘गोळ्यांची उष्णता पडली’ म्हणतात. आठ दिवस गोळ्या बंद आहेत. डॉक्टरांपुढे मात्र सगळ्याला ‘हो’ म्हणतात. कसं समजावू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : समजावण्याआधी विचारा. “मामा, हे दुखणं कशानं आलं असं वाटतं? गोळ्यांनी काय होतंय? भीती कशाची वाटते?” मध्ये बोलू नका. त्यांच्या लेखी आजार म्हणजे खोकला. तो गेला, आता छळतेय ती गोळी. हे डॉक्टरांच्या कानावर गेलेलंच नाही.

गोळ्या बंद केल्यावर लघवीचा रंग निवळला असणार, त्यामुळे त्यांची समजूत आणखी पक्की झाली असेल. खरं कारण सांगा : टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे औषधच तांबडं आहे. ते लघवीतून, घामातून, डोळ्यांच्या पाण्यातूनही बाहेर पडतं. गोळीनंतर काही तास रंग गडद असतो, मग फिकट होतो. यात अपाय नाही. खरं तर हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मात्र डोळे पिवळे होणं, उलट्या, अन्नावरची वासना जाणं किंवा नजर अंधूक होणं यांपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नेहमीच्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. झपाट्यानं वाढणारे जंतू आधी मरतात, म्हणून खोकला लवकर थांबतो. सुस्त जंतू मागे उरतात. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, कधी औषधांना दादही देत नाही.

गोळ्या आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. उरलेली पाकिटं घेऊन मामांसोबत याच आठवड्यात जा. सुरुवातीलाच सांगा, “आठ दिवस बंद होत्या, लघवी लाल होते म्हणून.” डॉक्टर रागावले तरी खाडे लपवू नका; पुढचं औषध त्यावरच ठरतं. दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासली का, हेही विचारा.

निघताना “समजलं का?” विचारलं की मामा ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी डॉक्टरांसमोरच विचारा, “मामा, घरी आत्यांनी विचारलं तर काय सांगाल? कुठली गोळी, कधी, किती महिने?” जिथं अडखळतील तेवढंच डॉक्टरांकडून पुन्हा सांगून घ्या. गावात कळेल ही धास्ती असेल, तर गोळ्या कुठून आणि कुणाच्या हातून घ्यायच्या, हे त्याच भेटीत ठरवा.