वेगवेगळ्या ताकदीच्या दुचाकी घेऊन गटाने सहलीला जाताना वेग किती ठेवावा आणि स्कूटरवाल्यांना मागे ठेवले तर चालेल का?

आपण लिहिले आहे की कार्यालयातील नऊ-दहा जण भुसावळहून तोरणमाळला निघणार आहात, गाड्यांमध्ये दोन बुलेट, काही दीडशे सीसीच्या आणि दोन स्कूटर आहेत, आणि स्कूटरवाले आपल्या सवडीने मागून येतील असा विचार आहे. वेगाचे नंतर पाहू. मागून येण्याविषयी आधी सांगते, कारण ‘मागून येतील’ हे दोन शब्द मी गेली अनेक वर्षे घरातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक दिवाळीत ऐकत आले आहे. ते चालणार नाही. स्कूटर सर्वांत मागे ठेवायची नसते, पुढच्या गाडीच्या लगेच मागे, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर ठेवायची असते. सर्वांत मागे राहायचे ते गटातील सर्वांत अनुभवी माणसाने, आणि शक्य असेल तर सर्वांत दमदार गाडी असलेल्याने. आपल्याकडे नेमके उलटे होते: ज्याला गाडी उत्तम येते तो पुढे पळतो आणि ज्याला मदतीची गरज पडू शकते तो एकटा मागे राहतो.

मी जळगावला राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. २०१३ च्या श्रावणातील एका रविवारी आम्ही नात्यातील आणि ओळखीतील मंडळी आठ गाड्यांवर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला निघालो. जागा मीच सुचवली होती. तेथील वनश्री आणि देवीचे हेमाडपंती देऊळ तर आहेच, पण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, पाटण येथे मठ उभारल्याचा शिलालेख त्याच परिसरातला, आणि गणिताच्या शिक्षकाला याहून अधिक कारण लागत नाही. पुढे माझे धाकटे दीर बुलेटवर होते. माझे यजमान कंबरेचे निमित्त सांगून त्यांच्याच मागे बसले होते. मी ११० सीसीच्या स्कूटरवर, मागे माझी बारा वर्षांची भाची, आणि डिकीत सर्वांसाठी केलेल्या दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. हा डिकीचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पाचोऱ्याला पोहे खाताना ठरले ते असे: जेथे फाटा लागेल तेथे पुढच्याने एका गाडीला उभे करायचे, आणि सर्वांत शेवटची गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. पद्धत अतिशय चांगली आहे, जगभर वापरतात, आणि ती सुचवणारे माझे दीरच होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मात्र पाचोऱ्यालाच मला एक गोष्ट खटकली होती. ती मंडळी माझ्या आधी पंधरा मिनिटे पोहोचून, चहा घेऊन, पाय मोकळे करून बसली होती, आणि मी स्टँड लावून हेल्मेट काढते न काढते तोच ‘चला, आल्या वहिनी’ म्हणून सगळे उठले. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळाली आणि जिला होती तिने उभ्या-उभ्या पोहे खाल्ले. म्हणून आपल्या गटात थांब्याची वेळ शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजा.

मागचा माणूस मागे का पडतो, हे बुलेटवाल्यांना सहसा कळत नाही, म्हणून थोडे गणित मांडते. आठ गाड्यांमध्ये सात अंतरे असतात. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर ठेवले तर पहिली आणि आठवी यांत १४ सेकंदांचे अंतर पडते. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते सुमारे २३० मीटर होते. आता पहिली गाडी गावाबाहेरचा गतिरोधक ओलांडून पुन्हा ६० चा वेग घेते, तेव्हा आठवी अजून गावातच असते. ती गतिरोधकाला पोहोचेपर्यंत रांग आणखी ताणली जाते आणि ते वाढलेले अंतर भरून काढायला शेवटच्याला ७५-८० ने जावे लागते. मागे माणूस बसलेल्या स्कूटरला तो वेग म्हणजे तिची अखेरची ताकद. त्यानंतर ट्रक ओलांडायला हाती काहीच उरत नाही. पुढचा माणूस मनापासून शपथ घेऊन सांगतो की आपण साठनेच चाललो होतो, आणि तो खरेच बोलत असतो.

भडगावला मी पेट्रोलसाठी थांबले. स्कूटरची टाकी जेमतेम पाच लिटरची आणि जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर होणार होते, तेव्हा ते करणे भागच होते. माझ्या पुढच्या स्प्लेंडरवाल्याला मी हाताने खूण करून सांगितले. त्याने मान हलवली आणि ती खूण तेथेच संपली. पंपावर रांग होती, दहा-बारा मिनिटे गेली.

चाळीसगावात पाटणादेवीचा रस्ता वेगळा आणि कन्नडचा वेगळा. तेथे नात्यातील एका तरुण मुलाला उभे केलेले होते. मी पोहोचले तेव्हा तेथे कोणीही नव्हते. बाजाराची गर्दी, रिमझिम पाऊस, हेल्मेटच्या काचेवर पाणी, आणि तेवढ्यात पन्नास-साठ मीटर पुढे दोन बुलेट आणि त्यांवर लाल रंगाचे रेनकोट दिसले. आमच्या दिरांचा रेनकोट लालच होता. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांच्या मागे लागले.

चढ सुरू झाला तेव्हाही मला काही वाटले नाही. देवी डोंगराच्या कुशीत आहे, चढ असणारच, असे मी भाचीला समजावून सांगितले. ट्रकची रांग मात्र वाढत चालली. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पुढच्या बुलेट एका ट्रकमागे अडकल्या, मी जवळ पोहोचले आणि पाटीवरची अक्षरे वाचली: एमएच २०. आमच्या सगळ्या गाड्या एमएच १९ च्या. मी जळगावच्या माणसांना सोडून औरंगाबादच्या दोन अनोळखी गृहस्थांमागे कन्नडच्या रस्त्यावरचा औट्रम घाट चढत होते. (खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या ज्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव या घाटाला आहे, त्याची मला त्या क्षणी अजिबात आठवण झाली नाही.) मोबाइलला रेंज नव्हती. केळीने भरलेल्या एका ट्रकचा क्लीनर खाली उतरला, त्याने हात आडवे करून मागची रांग थांबवली आणि मला गाडी वळवू दिली. ‘ताई, नुसता ब्रेक धरून उतरू नका,’ एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे योग्य होते. गिअरच्या गाडीला खालच्या गिअरमध्ये इंजिन आवरून धरते. स्कूटरला तो आधार मुळात कमी, आणि वेग फार उतरला की तिचा क्लच आपोआप सुटून तोही जातो; मग सगळा भार ब्रेकवर. माझ्या स्कूटरला दोन्ही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. अर्ध्या उतारावर जळक्या रबरासारखा वास आला आणि ब्रेकचा दांडा नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. मी कडेला रुंद जागा पाहून थांबले, दहा मिनिटे ब्रेक निवू दिले, भाचीला एक दशमी खायला दिली आणि मग थांबत-थांबत खाली आले. आपण तोरणमाळचा घाट उतरणार आहात, म्हणून हे सविस्तर लिहिले. घाटात गटाचा विचारच सोडून द्यावा: एकामागे एक, प्रत्येकाने आपल्या वेगाने, आपसांत ओलांडाओलांडी अजिबात नाही, आणि भेटायचे ते घाट संपल्यावर.

पाटणादेवीला पोहोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. सगळी मंडळी देवळाच्या आवारात उपाशी बसलेली. दीर पुढे आले आणि म्हणाले, ‘काय वहिनी, रस्ता चुकल्या? आम्ही इथे भुकेने मेलो.’ यजमान हसले. तेव्हापासून घरात या घटनेचे नाव ‘वहिनी कन्नडला गेल्या होत्या’ असे आहे.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे: मी रस्ता चुकले नाही, फाट्यावरचा माणूस हलवला गेला. दोन वर्षांनी त्या मुलाच्या साखरपुड्यात त्याने मला बाजूला घेऊन स्वतः सांगितले, ‘काकू, मी वीस मिनिटे उभा होतो. काकांचा फोन आला की ये तू, त्या येतील विचारत-विचारत.’ पद्धत ज्यांनी ठरवली त्यांनीच ती पहिल्या पावसात मोडली. भाऊजींना मी हे ऐकवले तेव्हा ते म्हणाले की हळू चालवणाऱ्यांनी मुळात गटात येऊच नये. याला माझे उत्तर असे की मग गट म्हणू नका. चौघा बुलेटवाल्यांनी वेगळे निघावे, पाहिजे तसे पळावे आणि मुक्कामी भेटावे, त्यात काहीच कमीपणा नाही. पण सोबत म्हणून निघायचे, डबे स्कूटरच्या डिकीत द्यायचे आणि नंतर स्कूटरच्या वेगाला नावे ठेवायची, हे मला मान्य नाही.

आता आपला वेगाचा प्रश्न. सरळ रस्त्यावर, मागे माणूस बसलेला असताना स्कूटर जेवढी निवांत चालते तेवढा, म्हणजे ५० ते ५५. नऊ-दहा गाड्यांची एक रांग करू नका, दोन तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीत एक जाणता माणूस शेवटी ठेवा. ट्रक ओलांडताना पुढच्याने हात हलवून ‘या’ म्हटले तरी मागच्याने त्यावर विसंबू नये; पुढच्याला मिळालेली मोकळी जागा तीन सेकंदांनी शिल्लक असेलच असे नाही. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असे जाणार असाल तर एका बाजूचेच अंतर दोनशेच्या वर आहे, तेव्हा एका दिवसात परत येण्याचा हट्ट नको.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तोरणमाळला मी स्वतः एकदाच गेले आहे आणि तेही चारचाकीने, त्यामुळे तेथील वळणांविषयी दुचाकीवरून गेलेल्या कोणाला तरी अवश्य विचारा. आणि चाळीसगावात मी गाडी थांबवून एखाद्या पानटपरीवर ‘पाटणादेवी कोणीकडे?’ एवढे विचारले असते, तर लाल रेनकोटांमागे गेले नसते, हेही खरे आहे. हे मी येथे मान्य करते. घरी अजून केलेले नाही. स्कूटरच्या टाक्या शहाद्यातच भरून घ्या, आणि त्या भरत असताना बाकीच्यांना पंपावरच थांबवून ठेवा.