बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत एकट्याने पॅथॉलॉजी लॅब चालवतो. ट्यूमरच्या निदानासाठी ऑनलाइन कोर्स करावा की परिषदांना जावं?

दोन्ही नंतर. आधी तुमच्या मायक्रोस्कोपच्या आयपीसवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) काय कोरलंय ते वाचा. ‘१० एक्स’च्या पुढे १८, २० किंवा २२ असेल, तो फील्ड नंबर. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडजवळच्या भिंगाच्या) आकड्याने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिळतो. २० असेल तर ४ एक्सवर बरोबर ५ मि.मी., १८ असेल तर साडेचारच. दोन सें.मी.च्या आतल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये टी-१ आणि टी-२ या टप्प्यांची सीमा नेमकी ५ मि.मी. खोलीवर आहे. ‘एक फील्ड म्हणजे पाच’ हे सगळ्यांना पाठ. कुणाच्या आयपीसवर, हे कुणी विचारत नाही. मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) मोजतानाही तेच. ४० एक्सवर २० नंबरचं क्षेत्रफळ ०.१९६ चौ. मि.मी., २२ चं ०.२३८. दहा फील्ड मोजले की पाचव्या हिश्शाचा फरक पडतो. डब्ल्यूएचओच्या ट्यूमर-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत दर चौ. मि.मी. आकडा मागतात, तो याचसाठी.

आता मूळ दुखणं. सीमाभागातल्याच एका लॅबमधून गालाच्या आतल्या गाठीच्या दोन स्लाइड फेरतपासणीला आल्या. तंबाखू-चुन्याची जुनी सवय, गाठ १.८ सें.मी., कोबीसारखी वर आलेली. रिपोर्टवर खोली ९ मि.मी., पीटी-२ (काढलेल्या नमुन्यावरून ठरलेला टी-२). दोन्ही सेक्शन गाठीच्या मधोमध घेतलेले, शेजारची निरोगी म्युकोसा (तोंडाचं आतलं अस्तर) एकातही नाही. मग खोली मोजली कुठून? गाठीच्या माथ्यापासून तळापर्यंत. ती झाली जाडी. डेप्थ ऑफ इन्व्हेजन, म्हणजे कॅन्सर आत किती शिरला ते, मोजायची तर शेजारच्या निरोगी म्युकोसाची बेसमेंट मेम्ब्रेन (अस्तराखालचा पातळ पडदा) धरून आडवी रेघ कल्पायची आणि तिथून कॅन्सरच्या सर्वांत खोल पेशीपर्यंत ओळंबा सोडायचा. नशिबाने उरलेला नमुना बरणीत शिल्लक होता. कडेसकट नवा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) घेतला, खोली निघाली ४ मि.मी. म्हणजे पीटी-१. गाठ खड्ड्यासारखी असती तर चूक उलटी झाली असती: जाडी कमी, खोली जास्त, आणि पेशंटला हवे ते उपचार मिळालेच नसते.

रिपोर्ट देणाऱ्याकडे सीएमईच्या (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या) सर्टिफिकेटांची फाइल चांगली जाड आहे.

ती गाठ कापायची कशी? नमुना आधी फॉर्मालिनमध्ये पुरता फिक्स होऊ द्या. कडांना शाई लावा, टिपकागदाने टिपा, वर व्हिनेगर फिरवा म्हणजे शाई सुटत नाही. मग पृष्ठभागाला काटकोनात ३-४ मि.मी.चे काप. एका तरी कापात गाठीचा सर्वांत खोल भाग आणि दोन्ही बाजूंची ५-५ मि.मी. निरोगी म्युकोसा एकत्र यायला हवी. १.८ सें.मी.ची गाठ अशी धरली तर २.८ होते, साध्या कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या छोट्या डबीत) मावते. मावत नसेल तर दोन तुकडे करून नकाशा काढा. स्लाइडवर बारीक मार्करने दोन ठिपके देऊन पट्टीने मोजलं तरी चालतं, किंवा मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचा व्हर्नियर (बारीक मोजपट्टी) वापरा. जबड्याचं हाड सोबत असेल तर मऊ भाग आधी सोडवा आणि फक्त हाडच आम्लात टाका. सगळं एकत्र डीकॅल्सिफाय केलं (आम्लाने चुना काढला) तर पुढे इम्युनोवर (अँटिबॉडीच्या रंग-चाचण्यांवर) विश्वास ठेवायची सोय राहत नाही.

स्तनाच्या गाठीत घोळ बरणीतच होतो. खानापूर-अथणीकडून बसने आलेली घट्ट कोंबलेली बरणी तुम्हीही पाहिली असेल. नमुन्याच्या दहापट फॉर्मालिन हवं, तेही बफर केलेलं. एका लिटरला: ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मि.लि., पाणी ९०० मि.लि., मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायबेसिक ६.५ ग्रॅम. काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये, आणि ईआर-पीआर-हर२ साठी (हार्मोनच्या आणि हर२ च्या चाचण्यांसाठी) तिथे ६ ते ७२ तास. अख्खा स्तन न कापता बुडवला तर दोन दिवसांनीही गाभा कच्चाच. मग ईआर खोटं निगेटिव्ह येतं आणि बाईच्या हार्मोनच्या गोळ्या हुकतात. सर्जनना सांगून ठेवा: मास्टेक्टॉमी (अख्खा स्तन काढणं) असेल तर खुणेचे टाके घालून मागच्या बाजूने गाठीपर्यंत एक सरळ काप द्या, आत गॉज ठेवा. लम्पेक्टॉमीच्या (फक्त गाठ काढलेल्या) नमुन्याला मात्र सुरी लावू नका.

आता सीएमई. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पाच वर्षांत ३० तास सांगितलेत. कोल्हापूर-मिरज तुम्हाला जवळ, पण नोंदणी कर्नाटकची असेल तर तिकडचे तास धरतात का, हे पैसे भरण्याआधी कौन्सिलला विचारा. भाषणांपेक्षा स्लाइड सेमिनार निवडा, ज्यात स्लाइड आधी मिळतात आणि उत्तर लिहून द्यावं लागतं. बाहेरची गुणवत्ता तपासणी, म्हणजे ईक्यूएएस, तर लावाच. तिथे चूक कागदावर येते. आयसीसीआर आणि सीएपी या संस्थांचे कॅन्सर प्रोटोकॉल फुकट आहेत, छापून ग्रॉसिंगच्या (नमुना कापून तुकडे निवडायच्या) टेबलावर चिकटवा. आणि वर्षात परिषदांच्या दोन-तीन वाऱ्या करणार असाल तर त्यातली एक एखाद्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयाच्या ग्रॉसिंग रूमसाठी ठेवा. दोन दिवस नुसतं उभं राहायचं. ‘ग्रॉसिंग ज्युनियरचं काम’ म्हणणारे सीनियर तिथे येत नाहीत, तेवढी शांतता मिळते.

ऑनलाइन कोर्स वाईट म्हणत नाही. अख्ख्या स्कॅन केलेल्या स्लाइड पाहून नजर तयार होते, फक्त हात तयार होत नाही. तिथे पी-१६ या इम्युनो चाचणीवर तासभर ऐकाल. ती ऑरोफॅरिंक्ससाठी (घशाच्या तोंडामागच्या भागासाठी), ७० टक्के पेशी रंगायच्या निकषासह. गालाच्या कॅन्सरला ती लावून पेशंटचे पैसे घालवू नका.

आणि हे सगळं तोंड-स्तनापुरतं. लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर), सार्कोमा (हाड-स्नायूंसारख्या भागांचा), मेंदूची गाठ एकट्याने अडवून धरू नका, ब्लॉक पुढे पाठवा. सोबत ग्रॉसिंगचं टिपण, फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ आणि नातेवाइकांनी मराठीत सांगितलेली हकीकतही लिहा. फाइलवर कन्नड, फॉर्मवर इंग्रजी, या गडबडीत ‘गाठ तीन आठवड्यांत दुप्पट झाली’ हेच वाक्य नेमकं गळतं.