गाडी कोणाच्या खात्यावर आहे?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. दिवाळीत दोन वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली. डीलरने दिलेल्या लॉगिनवरच पुण्याच्या मुलाने माझ्या आणि स्वतःच्या मोबाइलवर गाडीच्या कंपनीचं अ‍ॅप सुरू केलं. घरातूनच गाडीचा एसी लावता येतो, याचं मला फार सुख आहे. पण परवा मैत्रिणींसोबत रामटेकला गेले, तर मुलाचा फोन : "आई, दोन तास तिथे काय करते आहेस?" भाचा म्हणतो, कंपनी पाळत ठेवते, गाडी हॅक होते, सगळं बंद कर. करू का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, सगळं बंद करू नका. नवतपात बर्डीवर उन्हात उभ्या गाडीत बसणं काय असतं, हे मी पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करताना भोगलं आहे. एसी जरूर लावा. मात्र पेट्रोल गाडीत एसी लावला की इंजिनही सुरू होतं. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलवरून कधीच लावू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं : "डीलरने दिलेल्या लॉगिनवरच". ते लॉगिन बहुधा आधीच्या मालकाचं आहे.

माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी विकून सहा महिने झालेली गाडी त्यांच्या मोबाइलवर अजून दिसत होती, अमरावतीत कुणाच्या तरी दारात उभी. दरवाजे उघडायचं बटणही चालू. भला माणूस, म्हणून स्वतःहून विचारायला आला. आरसीवर नाव बदललं होतं, डीलरने गाडीच्या स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेटही केलं होतं. पण त्याने गाडीत साठलेले फोन नंबर आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या गेल्या. खातं कंपनीच्या सर्व्हरवर होतं, ते तसंच राहिलं. त्या अमरावतीच्या घरातल्या माणसांना याचा पत्ताही नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून उद्याच आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. या चासी नंबरवरचं जुनं खातं काढा, असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नवं खातं तुमच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा, मुलाच्या नाही. त्याला नंतर दुसरा वापरकर्ता म्हणून जोडा. लोकेशन दाखवायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. त्याची काळजी खरी आहे, पण काळजी असेल तर "आई, पोचलीस का?" असं विचारता येतं. न सांगता नकाशा बघत बसणं मला पटत नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना.

भाच्याची भीती अगदीच निराधार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी घरी बसून महामार्गावर धावणारी जीप चेरोकी इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. कंपनीला १४ लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर दुरुस्त करावं लागलं. त्यातून शिकायचं ते एवढंच, की अपडेट आलं की टाळायचं नाही.

कंपनीच्या पाळतीचं म्हणाल, तर जनरल मोटर्सने चालकांचं लोकेशन आणि ब्रेक-वेगाचा तपशील नीट संमती न घेता विकला, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये केला. आपल्याकडेही २०२२ पासून गाडी कशी चालवता त्यावर हप्ता ठरवणारा विमा घ्यायला परवानगी आहे, म्हणजे असा तपशील विमा कंपन्यांनाही हवा असू शकतो. म्हणून नवं खातं उघडताना "ड्रायव्हिंग डेटा इतरांना देणे" असं काही दिसलं, तर तिथे टिक करू नका. आधीच केली असेल तर काढा. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलेला आहे.

गाडीतलं एसओएस बटण, म्हणजे संकटात मदत मागायचं बटण, मात्र चालू असू द्या. समृद्धीवर रात्री गाडी बंद पडली तर मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही. त्यात आणीबाणीचा नंबर मुलाचाच टाका आणि तसं त्याला सांगा.