बरं वाटतंय म्हणून ‘डी’ चालूच ठेवू का?

प्रश्न: माझं वय ५२. पाय फार दुखायचे म्हणून टेस्ट केली तर व्हिटॅमिन डी कमी, १२ आलं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एक, अशी ८ आठवडे दिली. कोर्स संपून ४ महिने झाले पण बरं वाटतंय म्हणून मी आपली घेतेच आहे, शिवाय रोज कॅल्शियमची गोळी आणि मल्टिव्हिटॅमिन. मैत्रीण म्हणते, व्हिटॅमिनच तर आहे, जास्तीचं लघवीतून निघून जातं. खरंय का?

उत्तर: मैत्रिणीचं सी बद्दल बरंचसं खरं आहे, डी बद्दल नाही. डी चरबीत विरघळतं आणि अंगात साठून राहतं. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साधारण ८,५०० युनिट झाले, आणि मोठ्या माणसाने स्वतःच्या मनाने घ्यायची वरची मर्यादा आहे रोज ४,०००. रोजची गरज तर ६०० च्या आसपास, सत्तरीनंतर ८००. तुमचं डी कमी होतं म्हणून ते ८ आठवडे ठीक होते, पुढचे ४ महिने नाहीत. त्यात कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये डी आधीच घातलेलं असतं, ते धरलंय का? लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ४० ने गुणा, युनिट मिळतील.

खरा त्रास डी पेक्षा कॅल्शियमचा, जास्तीच्या डी मुळे ते रक्तात वाढतं. मग तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, पुढे मुतखडा नाहीतर किडनीवरच ताण. थकवाही येतो, आणि इथेच लोक फसतात, डी परत कमी झालं समजून अजून एक कॅप्सूल घेतात!

तर ती कॅप्सूल आजपासून बंद. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिपा आणि डब्या पिशवीत टाकून न्या, डी सोबत रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासून घ्या, कॅल्शियमची गोळी ठेवायची की नाही ते मग तेच सांगतील. कधी मुतखडा झाला असेल किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ते आधी सांगा. उलट्या होत असतील, गोंधळल्यासारखं वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच जा.

प्रश्न: मग उन्हात बसूनही डी जास्त होतं का?

उत्तर: नाही. जादा तयार झालेलं डी ऊनच त्वचेत मोडून टाकतं. कॅप्सूलला ही सोय नाही. कातडी भाजेपर्यंत मात्र बसू नका.